गळक्या टाकीतली वीज

हुबळी-धारवाडात वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत आलं, त्यामुळे केशवापुरातल्या घराला गच्चीवरच्या टाकीचं गणित शिकवावं लागत नाही: तळाला भोक असेल तर नळ कितीही सोडा, पातळी चढत नाही. सौरविजेबद्दल मात्र आपण ऊन किती एवढंच विचारतो. पण सौरघटात वापरल्या जाणाऱ्या पेरोव्स्काइट या पदार्थाची सगळी गोष्ट भोकांची आहे. 2009 साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने त्याचा सौरघट केला, तेव्हा उन्हातली 3.8 टक्के ऊर्जा विजेत उतरली. आज प्रयोगशाळेतले छोटे घट 26 टक्क्यांपुढे आहेत. घटाची रचना सुधारली हे खरंच, पण मोठा वाटा गळती बुजवण्याचा.

ऊन पडलं की इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे रिकामी जागा राहते. दोघांनी वेगवेगळ्या टोकांना पोचायचं असतं. पण शिसं-आयोडीनच्या जाळीतून एखादा आयोडीन निसटलेला असला, किंवा दोन स्फटिककणांमधली शिवण उसवलेली असली, तर इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो, रिकाम्या जागेला भेटतो आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. फटका मुख्यतः व्होल्टेजला, म्हणजे पातळीला बसतो. तपासणी मजेदार आहे: तारा न जोडता उजेडात ठेवलेला चांगला घट स्वतःही मंद प्रकाशतो. ती चमक दहापट घटली की साधारण 60 मिलिव्होल्ट गेले. घट जेमतेम 1.1-1.2 व्होल्टचा, म्हणजे पाचेक टक्के.

यावर कोणी म्हणेल, हा पदार्थ दोष पचवतो अशीच तर त्याची ख्याती आहे. आहेच. सिलिकॉन 1400 अंशांवर वितळवावं लागतं. हा द्रावणातून पसरून शंभरेक अंशांवर भाजला तरी चालतो, कारण यातले बरेचसे दोष म्हणजे उथळ खड्डे असतात, इलेक्ट्रॉन त्यांतून बाहेर येतो. पृष्ठभागावरचे आणि शिवणींवरचे खोल खड्डे मात्र माफ करत नाहीत. दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा: खरी अडचण उष्णता आणि दमट हवा. पण आयोडीन सरकतं ते निसटलेल्या आयोडीनने सोडलेल्या जागांतून आणि ओल शिरते ती याच शिवणींतून. म्हणून गळती आणि टिकाऊपणा या दोन दुखण्यांना वेगळे वैद्य लागत नाहीत.

आयआयटी मुंबईत प्रा. दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉनवर पेरोव्स्काइट ठेवून सुमारे 30 टक्के गाठले. दिसणारा प्रकाश बहुतेक वरच्या थराने घ्यायचा, तांबड्यापलीकडचा अवरक्त खालच्याने. वरच्याने गळू दिलेलं व्होल्टेज खालचा भरून देत नाही, म्हणून वरच्या थरात आयोडीन निसटल्याने उघड्या पडलेल्या शिशावर रेणूंचा लेप चढवतात. तो काही नॅनोमीटरहून जाड झाला तर वीजच अडते.