टोपी सारखी, घराणी वेगळी

बोरिवलीहून विरार लोकल पकडा, खाडी ओलांडा, की वसई आलीच. इंग्रजी काळातल्या तिच्या ‘बॅसीन’ या नावावरून एका सागरी गोगलगायीचं नाव पडलंय: सायफोनेरिया बॅसीनेन्सिस. अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी मुंबई परिसरात गोळा केलेल्या शिंपल्यांचा अभ्यास करून मेल्विल यांनी १८९३ मध्ये तिचं वर्णन केलं.

खडकावर चिकटलेली सायफोनेरिया आणि सेलाना रेडिएटा हे लिंपेट वरून सारख्याच दिसतात: बुटकी टोपी. आता उलट्या करून बघा. सेलानाच्या पायाभोवती कल्ल्यांची झालर असते. सायफोनेरियाला ती नसते. उजव्या बाजूला हवा आत घेणारं छिद्र आणि फुफ्फुसासारखी पोकळी असते. नात्याने ती सेलानापेक्षा तुमच्या बागेतल्या गोगलगायीला जवळची!

लाटांचा मारा सोसायला बुटकी टोपी सोयीची, हे पटतं. पण खोल समुद्रात लाटांचा मारा नसतो. तरी तिथे बुडालेल्या लाकडावर, देवमाशाच्या हाडांवर, शार्कच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्यांतही काही मिलिमीटरची लिंपेट राहतात. शरीररचना तपासून हाश्प्रुनार यांनी १९८०च्या दशकात त्यांचे दोन समूह, कोक्युलिनिड आणि लेपेटेलिड, ‘कोक्युलिनिफॉर्मिया’ या एका गटात मांडले. पुढे डीएनएच्या अभ्यासाने हा संसार मोडला. लेपेटेलिड व्हेटिगॅस्ट्रोपोडात गेले. कोक्युलिनिड मात्र निओम्फॅलिनाच्या शेजारी बसले, ज्यातले बरेच प्राणी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळ राहतात. म्हणजे टोपी हा राहणीचा पुरावा असू शकतो, नात्याचा असेलच असं नाही.

हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षी मी सायफोनेरियाचे नमुने उकळले, मांस काढून टाकलं, कवचं चकाचक केली. कवचावरून प्रजाती कळली. पण नेमकी जाती ठरवायला प्रजननेंद्रियं आणि डीएनए लागतात. ते सगळं मी स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतलं होतं. एका हंगामाचं काम गेलं.

म्हणून तुम्ही सुरुवातीलाच हे करा. जिवंत प्राण्याचा वरून, खालून आणि उजव्या बाजूने फोटो घ्या. काही अख्खे नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, डीएनएसाठी. काही फॉर्मॅलिनमध्ये, पातळ छेद घेण्यासाठी. दोन्हींवर एकाच ठिकाणाचं, एकाच तारखेचं लेबल लावा. कवच नंतरही धुता येतं.