लिहीत असलेल्या कादंबरीचा शोध : पात्रे आणि आशयसूत्रे

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• कादंबरीचा विषय, कथानक आणि आशयसूत्र यांतील फरक सांगता येईल.
• स्वतःच्या अपूर्ण लेखनातील पात्रे तपासण्यासाठी नेमके प्रश्न विचारता येतील.
• खर्ड्यात दडलेले आशयसूत्र ओळखून पुढील लेखनाची दिशा ठरवता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, साहित्याच्या वर्गात आपण बहुधा पूर्ण झालेल्या, छापून आलेल्या कादंबरीचा अभ्यास करतो. ‘लेखकाला यातून काय सुचवायचे आहे?’ असा प्रश्न विचारतो आणि लेखकाला ते पहिल्या पानापासून ठाऊक होते, असे धरून चालतो. लिहिणाऱ्याचा अनुभव मात्र बऱ्याचदा वेगळा असतो. शंभरेक पाने लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात येते की, ज्याला आपण नायक समजत होतो तो बाजूला उभा आहे आणि गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी चालली आहे. अशा वेळी लेखन थांबवून आपलाच खर्डा परक्याच्या नजरेने वाचावा लागतो. हे वाचन कसे करावे, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

तुमच्यापैकी अनेकांना सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम असेल, काहींच्या वहीत अर्धवट कादंबरी पडून असेल. दोघांनाही हा पाठ उपयोगी पडावा. उदाहरणासाठी मी सध्या लिहीत असलेल्या कादंबरीचा खर्डा वापरला आहे. त्यातील चुका माझ्याच असल्यामुळे त्या मोकळेपणाने दाखवता येतील.

२. विषय, कथानक आणि आशयसूत्र

या तीन संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांतील फरक असा :

विषय म्हणजे कादंबरी कोणत्या जीवनक्षेत्राबद्दल आहे ते. उदा. दुष्काळ, गिरणी कामगार, वसतिगृहातील जीवन.

कथानक म्हणजे कार्यकारणभावाने जोडलेल्या घटनांची मालिका.

आशयसूत्र म्हणजे त्या घटनांमधून पुन्हापुन्हा डोके वर काढणारा माणसाच्या जगण्याविषयीचा प्रश्न.

आशयसूत्र प्रश्नाच्या रूपात मांडता आले तर ते जिवंत असते. उपदेशाच्या रूपातच मांडता येत असेल, तर पात्रे त्या उपदेशाची बाहुली होण्याचा धोका असतो. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचे शीर्षकच प्रश्न आहे. ती ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. स्त्रियांच्या हालअपेष्टा हा तिचा विषय. पण ती आजही वाचवते, ती यमू स्वतःच्या तोंडून माहेरचे आणि सासरचे बारीकसारीक सांगते म्हणून.

३. पूर्वसूरींचा अनुभव

लिहिता लिहिता पात्र बदलणे हे अननुभवी लेखकाचेच लक्षण आहे, असे समजू नका. रशियन साहित्यातील दोन प्रसिद्ध उदाहरणे पाहू.

लिओ टॉलस्टॉय यांनी ‘ॲना कॅरेनिना’ १८७३ मध्ये लिहायला घेतली आणि १८७५ पासून ती मासिकात क्रमशः येऊ लागली. सुरुवातीच्या खर्ड्यांत नायिका फारशी आकर्षक नाही, काहीशी उथळच आहे. वाचकाची सहानुभूती तिच्या पतीकडे झुकते. खर्डे बदलत गेले तशी ॲना वाढत गेली. घटना मूळचीच राहिली, म्हणजे विवाहित स्त्रीचे परपुरुषावरील प्रेम आणि तिचा शेवट. पण पात्र खोल झाल्यामुळे त्या घटनेतून उठणारा प्रश्न बदलला.

फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांनी ‘क्राइम अँड पनिशमेंट’ आधी खुनी तरुणाच्या कबुलीजबाबाच्या रूपात, प्रथमपुरुषी निवेदनात लिहायला घेतली होती. १८६५ च्या अखेरीस त्यांनी लिहिलेला मजकूर जाळला आणि नव्याने सुरुवात केली. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी आहे. त्यामुळे निवेदकाला रास्कोलनिकोव्हच्या मनात शिरता येते आणि त्याला कळत नसलेले त्याच्याविषयीचे काही दाखवताही येते.

४. उदाहरणादाखल खर्डा

माझ्या कादंबरीचे तात्पुरते नाव ‘मुक्कामी गाडी’ आहे. महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. राज्य परिवहनाची बस, म्हणजे एस.टी., संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावी पोहोचते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे दुधाचे कॅन, शाळा-कॉलेजची मुले आणि बाजारकरी घेऊन परत फिरते. तिला मुक्कामी गाडी म्हणतात. चालक आणि वाहक गाडीतच किंवा देवळात झोपतात.

नामदेव हा छपन्न वर्षांचा वाहक कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. त्याची पत्नी सुलोचना, मुलगा प्रशांत आणि चालक शेखभाई ही इतर प्रमुख पात्रे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप ही पार्श्वभूमी. माझी मूळ कल्पना सरळ होती : संपात सापडलेल्या एका प्रामाणिक माणसाची कहाणी. विषय संप, आशयसूत्रही संपच. १४० पाने झाली आणि कादंबरी पुढे सरकेना. नामदेव भाषणे करू लागला होता.

५. पात्रांची तपासणी

ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ च्या ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात पात्रांचे ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ असे दोन प्रकार सांगितले. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येते. गोलाकार पात्र पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकते. दोन्ही प्रकारांची कादंबरीत गरज असते. पण मुख्य पात्र सपाट राहिले तर कादंबरी अडते. नामदेव ‘प्रामाणिक वाहक’ या दोन शब्दांत संपत होता. म्हणून मी त्याला आणि इतरांना पुढील प्रश्न विचारले.

(अ) या पात्राला काय हवे आहे आणि ते कशाला भिते?

हवे असलेले पात्र उघड बोलते. भीती मात्र कृतीतून शोधावी लागते. माझ्या खर्ड्यात एक वाक्य होते : ‘तीस वर्षांत नामदेव पहिल्यांदाच सलग इतक्या रात्री घरी होता.’ एका मित्राने ते वाचून विचारले, “आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कुठे होता?” मी ते वर्षच विसरलो होतो. वास्तविक त्या काळात एस.टी.च्या गाड्यांनी परराज्यांतील मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचवले. निरनिराळ्या जिल्ह्यांतील कर्मचारी मुंबईत कामगिरीवर गेले. म्हणजे नामदेवही गेला असावा. पण त्याला पाठवले, की त्याने स्वतःहून नाव दिले? दुसरे उत्तर लिहून पाहिले आणि पात्र एकदम जागे झाले. आजाराच्या भीतीपेक्षा घरी राहण्याची भीती मोठी असलेला माणूस माझ्यासमोर उभा राहिला. तथ्य तपासताना स्वभाव सापडतो तो असा.

(आ) हे पात्र काय लपवते?

वाहकाला दिवसाची रोकड तिकिटांच्या हिशेबाप्रमाणे आगारात भरावी लागते. कमी पडली तर स्वतःच्या खिशातून. खर्ड्यात नामदेवची रोकड एकदा ६४० रुपयांनी कमी पडते आणि तो ती पगारातून भरतो. तपासणीनंतर मी हे बदलले. तो सुलोचनेच्या भिशीच्या पैशांतून गुपचूप घेतो. तिला ते त्याच रात्री कळते आणि ती वीस वर्षे बोलत नाही. आता दोघेही काही लपवत आहेत. बाहेर एका पैशाचाही घोळ न करणारा माणूस घरात हिशेब चुकवतो, ही विसंगती त्याला गोलाकार बनवते.

(इ) हे पात्र एकटे असताना काय करते?

या प्रश्नाने माझी सर्वांत मोठी चूक उघडी पडली. मी पाने मोजली. सुलोचना १४० पैकी ३१ पानांवर होती. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात किंवा दारात. प्रत्येक वेळी नामदेव येताना अथवा जाताना. ती एकटी असलेला एकही प्रसंग नव्हता. जे पात्र दुसऱ्याच्या येण्याजाण्यापुरतेच अस्तित्वात असते, त्याला स्वतःचे आयुष्य नसते.

(ई) हे पात्र कसे बोलते?

संवादांवरची नावे झाकून वाचा. कोण बोलते आहे हे ओळखता आले पाहिजे. नामदेव तीस वर्षे ‘पुढे सरका’ म्हणत आला आहे. घरातही त्याची वाक्ये आज्ञार्थी आणि तोकडी असायला हवीत. माझ्या खर्ड्यात तो अग्रलेखासारखा बोलत होता. शेखभाई आणि तो रात्री गाडीत झोपण्यापूर्वी जे बोलतात, त्यातले अर्धे अधिक टायर, घाट आणि जेवण यांबद्दल असणार. तीच त्यांच्या मैत्रीची भाषा आहे.

६. आशयसूत्राचा शोध

पात्रांची तपासणी झाल्यावर आशयसूत्राकडे वळावे. त्यासाठी तीन साधे उपाय आहेत.

पहिला उपाय : पुनरावृत्ती शोधा. कोणती वस्तू, कृती किंवा शब्द वारंवार येतो, त्याची यादी करा. माझ्या यादीत घोषणा आणि मोर्चे थोडे होते. झाकून ठेवलेले ताट अकरा वेळा आले होते. हे मी ठरवून केले नव्हते, म्हणूनच ते महत्त्वाचे होते.

दुसरा उपाय : मुख्य घटना बाजूला काढून पाहा. संप नसता तर कादंबरीत काय उरले असते? माझ्या बाबतीत उत्तर आले : एक माणूस घरी परततो आणि त्याच्याशिवाय चालायला शिकलेल्या घरात त्याला जागा सापडत नाही. संपाने ही स्थिती निर्माण केली नाही. ती झाकली जाण्याची सोय काढून घेतली. आता संपाचे कादंबरीतील कामही स्पष्ट झाले.

तिसरा उपाय : त्याच प्रश्नाला वेगवेगळ्या पात्रांची वेगवेगळी उत्तरे द्या. माझा प्रश्न असा ठरला : घरासाठी घराबाहेर राहणाऱ्या माणसाचे घर कुठे असते? नामदेवच्या मते पगार पोहोचला की माणूस पोहोचला. सुलोचनेने वाट पाहणे केव्हाच सोडले आहे. प्रशांतला बापासारखी नोकरी नको आहे; पण पुण्याला काम मिळाल्यावर तोही महिन्यातून एकदाच येतो. शेखभाई सरळ सांगतो की त्याला गाडीतच शांत झोप लागते. कोणाचेही उत्तर पूर्ण खोटे नाही. सर्व पात्रे लेखकाचेच मत बोलू लागली, तर आशयसूत्राची घोषणा होते.

७. ओळखीच्या माणसावरून घेतलेले पात्र

इथे एक अवघड मुद्दा येतो. माझे वडील वाहक होते. नामदेव त्यांच्यावरून सुचला. तो इतका सपाट का राहिला, याचे कारण मला उशिरा कळले : मी वडिलांना जपत होतो. त्यांच्या हातून काही चुकू देण्याची माझी तयारी नव्हती. भिशीचा प्रसंग प्रत्यक्षात घडला की नाही, हे कादंबरीच्या वाचकाला कळण्याची गरज नाही. पण तो लिहिल्याशिवाय नामदेव माझ्या वडिलांपासून सुटा होत नव्हता.

सुलोचनेची पाने मी आईला वाचून दाखवली. दारात उभे राहण्याचा प्रसंग ऐकून ती म्हणाली, “मी कधी उभी राहिले दारात? त्या वेळेला मी भिशीचा हिशेब करत बसायचे. वाट बघायला सवड कुणाला होती?” मला जे आठवत होते ते एका लहान मुलाने दाराकडे बघत काढलेले चित्र होते. वाट मी पाहत होतो.

यावरून दोन पथ्ये लक्षात ठेवा. ज्याच्यावरून पात्र घेतले, त्याच्याशी शक्य असेल तर बोला. आपली आठवण हा एकच पुरावा मानू नका. आणि ओळख पटेल असे तपशील – नाव, गाव, हुद्दा, शारीरिक खूण – बदला. खऱ्या माणसाला कादंबरीत उत्तर देता येत नाही, ही जाणीव लेखकाने ठेवली पाहिजे.

८. तपासणी केव्हा थांबवावी?

तपासणी हा लेखन टाळण्याचा सोयीस्कर मार्गही होऊ शकतो. पात्रांचे तक्ते भरत बसले की कादंबरी लिहिल्याचे समाधान मिळते, पाने मात्र वाढत नाहीत. तपासणीतून एक तरी नवा प्रसंग सुचला की वही उघडावी. माझ्यापुरता तो प्रसंग असा : संपाच्या तिसऱ्या महिन्यात सुलोचना भिशीच्या बायकांसोबत दोन दिवस देवदर्शनाला जाते आणि नामदेव घरात एकटा राहतो. संध्याकाळी भूक लागल्यावर तो झाकलेले ताट शोधतो. पुढे काय होते ते अजून लिहायचे आहे.

सारांश

कादंबरीचे आशयसूत्र आधी ठरवून पात्रांवर लादण्यापेक्षा खर्ड्यातून शोधणे अधिक फलदायी ठरते. पात्राची भीती, त्याने लपवलेली गोष्ट, त्याचा एकांत आणि त्याची बोली या चार अंगांनी तपासणी करावी. पुनरावृत्ती, मुख्य घटना वगळून पाहणे आणि एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे मांडणे या उपायांनी आशयसूत्र स्पष्ट होते. तथ्यांची पडताळणी हा पात्रनिर्मितीचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. तुम्ही वाचलेल्या, तुमच्या मातृभाषेतील एका कादंबरीचा विषय आणि आशयसूत्र प्रत्येकी एका वाक्यात लिहा. आशयसूत्र प्रश्नरूपात मांडा.
२. तुमच्या अपूर्ण कथेतील किंवा कादंबरीतील सर्वांत कमी पानांवर असलेले पात्र निवडा आणि ते एकटे असतानाचा दोनशे शब्दांचा प्रसंग लिहा.
३. तुमच्या खर्ड्यात वारंवार येणाऱ्या पाच वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणती वस्तू तुम्ही ठरवून आणलेली नाही? ती का आली असावी?
४. घरातील किंवा परिचयातील एका व्यक्तीची तुमच्या मनातील आठवण लिहा. नंतर तोच प्रसंग तिला सांगायला लावा आणि दोन्हींतील फरक नोंदवा.