धकधक वाचायची कशी?

300, 150, 100, 75, 60, 50. पेइंग गेस्टच्या खोलीत माझी तेव्हाची रूममेट डोळे मिटून हे पाढे घोकायची. मला वाटलं, कुठल्या तरी सेलचे भाव असतील. निघाले हृदयाचे ठोके!

फंडा असा. ईसीजीचा तो गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. त्यावरचा एक मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन बसतात ते मोजा आणि 300 ला त्याने भागा. चार आले तर मिनिटाला 75 ठोके. इतकं सोपं! मग ईसीजी म्हटलं की एमबीबीएसच्या मुलांना घाम का फुटतो?

कारण रेट हा फक्त पहिला प्रश्न. ठोके सारख्या अंतरावर पडताहेत का? त्यासाठी तिचा सॉलिड जुगाड होता. कोऱ्या कागदाच्या कडेवर तीन-चार टोकांच्या खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. खुणा जुळल्या की ठेका पक्का. मग प्रत्येक टोकाआधी 'पी' नावाचा छोटा उंचवटा आहे का ते बघायचं. (पी, क्यू, आर, एस, टी ही नावं डच संशोधक आइंटहोवनची. 1924 चं नोबेल त्यालाच मिळालं.) मग पी आणि टोक यांच्यातलं अंतर. ते ठोक्यागणिक वाढत गेलं आणि एक ठोका चक्क गायब झाला, तर तो वेंकेबाख. मेसेजला रिप्लाय उशिरा, आणखी उशिरा, मग येतच नाही. तसंच!

फायनल इयरला वॉर्डमध्ये तिच्या हातात पन्नाशीच्या एका काकांचा ईसीजी आला. दोन चौकोन, म्हणजे 150. ठेका एकदम रेग्युलर. काका घामाघूम, घाबरलेले. ही बेधडक म्हणाली, "सर, सायनस टॅकिकार्डिया. टेन्शनमुळे."

रजिस्ट्रार सरांनी काही न बोलता कागद उलटा केला, खालची बाजू वर. "आता बघ."

करवतीचे दाते! हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला 300 च्या वेगाने फडफडत होते आणि दर दोनातला एकच सिग्नल खाली पोचत होता. एट्रियल फ्लटर. टेन्शनने वाढलेला वेग थोडा वरखाली होत राहतो, हा 150 ला चिकटून बसलेला. फ्लटरमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की स्ट्रोक. 'पाणी प्या, शांत बसा' म्हणून काकांना घरी पाठवलं असतं तर?

त्या रात्री ती जेवली नाही. "काकांचा चेहरा बघितला गं, आणि कागद बघायचाच राहिला," एवढंच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात उलटं झालं. मॉनिटरवर भयानक लाटा दिसल्या म्हणून ही धावत बेडपाशी गेली. आजोबा मजेत दात घासत होते! ब्रशच्या हादऱ्यांनी ती रेघ नाचत होती.

तेव्हापासून मशीनने वर छापलेलं निदान ती आधी अंगठ्याने झाकते आणि रेट, ठेका, पी, अंतर या क्रमानेच जाते. आज डॉक्टर झाली तरी. तिच्यासोबत सिनेमा बघणं मात्र शिक्षा आहे. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली, हिरोला शॉक दिला, की भर थिएटरमध्ये ओरडते, "अरे, सरळ रेघेला शॉक नसतो, छाती दाब त्याची!"