नेम पोरीचा चुकला की रायफलीचा?

आज आपण पापड-लोणची, कर्जाचे हप्ते आणि शेळ्यांचं लसीकरण थोडं बाजूला ठेवू. आज बोलायचंय एअर रायफलीबद्दल. बचतगटाच्या बायकांना रायफलीचं काय, असं वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण गेल्या पावसाळ्यात हा विषय थेट आमच्या गटाच्या मासिक बैठकीत आला, तोही कर्जाच्या अर्जातून.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला नेमबाजी नवीन नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक सुवर्णपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. तेव्हापासून गावोगावच्या पोरी रायफल शिकायला जाऊ लागल्यात. आमच्या गटातल्या एका ताईंची नववीतली मुलगीही जाते. तिच्या छर्ऱ्यांसाठी आणि बसभाड्यासाठी गटातून तीन हजारांचं कर्ज दिलेलं होतं.

दुसऱ्या कर्जाचा अर्ज यायच्या बैठकीत ताई म्हणाल्या, "नको आता कर्ज. पोरीचं ध्यान ऱ्हाईना झालंय. महिन्याभरापूर्वी सगळे छर्रे मधे बसत होते, आता सगळे डावीकडं खाली जात्यात. सर म्हणाले, मन लागत नाही हिचं. मग बसभाडं तरी कशाला घालवायचं?"

पोरगी कोपऱ्यात बसून होती. मान खाली. तेव्हा आमच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी बोलल्या, "अगं, मशीन टाका सोडाय लागली की आपण आधी सुई बघतो. शिवणारीला घरी पाठवतो व्हय?"

या एका प्रश्नावर आम्ही अडलो. मग पोरीला विचारलं, महिन्याभरात काय बदललं? ती म्हणाली, रायफल आता शाळेत ठेवायला जागा नाही. म्हणून दर शनिवारी दस्ता सोडवून, मागची साइट काढून, पिशवीत भरून एका सरांच्या घरी नेतात. सोमवारी जो हाताशी असेल तो जोडतो. आम्ही गावातल्या निवृत्त सुभेदार काकांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, "सर्व्हिसमध्ये हत्यार हातात आलं की आधी त्याचं झिरो तपासायचो, मग स्वतःला बोल लावायचो." त्यांनी दोन रविवार बसून आम्हाला आणि पोरींना जे शिकवलं, ते तुम्हाला सांगतो.

केसाएवढी चूक केवढी होते?

10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एका रिंगपासून दुसरी रिंग अडीच मिलिमीटरवर.

आता हिशेब बघा. पुढची माशी आणि मागची साइट यांच्यात समजा अर्धा मीटर अंतर आहे. टार्गेट 10 मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या वीसपट लांब. मागची साइट वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी सरकली, तर छर्रा वीसपट सरकतो. दोन मिलिमीटर! जवळजवळ एक अख्खी रिंग. रेल आणि साइट यांच्यामध्ये धुळीचा कण अडकला तरी एवढी चूक होते. यात पोरीच्या मनाचा काय दोष?

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेलं नाही. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारे अभिनव बिंद्रा यांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की अंतिम फेरीआधी सरावाचा शॉट घेतला तेव्हा त्यांची साइट हललेली निघाली. त्यांनी तिथेच साइट फिरवून नेम जागेवर आणला आणि मग फेरी खेळली. सरावाचे शॉट त्यासाठीच तर असतात.

जोडण्याआधी

पहिली गोष्ट सुरक्षेची. रायफलीत छर्रा नाही ना, स्प्रिंग ताणलेली नाही ना, हे बघूनच स्क्रूला हात लावायचा. नळीचं तोंड कुणाच्याही अंगाकडे नको, "रिकामीच आहे" म्हणूनसुद्धा नको. दस्ता काढणं-घालणं मोठ्या माणसासमोरच. आणि आतली स्प्रिंग कधीही उघडायची नाही. ती बसवलेली असतानाही दाबलेलीच असते, उघडताना उसळून डोळा जाऊ शकतो. ते काम कारागिराचं.

जमिनीवर पांढरी चादर अंथरायची, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. निघालेले स्क्रू वाटीत ठेवायचे. सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कुठला कुठला ते कागदावर लिहायचं. दस्त्याच्या आतली खाच आणि रायफलीचा लोखंडी भाग कोरड्या फडक्याने पुसायचा.

दस्ता बसवताना

लोखंडी भाग दस्त्यात ठेवला की तो आत किंचित पुढे-मागे हलतो. दर वेळी वेगळ्या जागी बसला तर नेमही वेगळा. म्हणून काकांनी सांगितलं, रायफल उभी धरायची, दस्ता खाली, नळी वर. आपल्या वजनाने लोखंड खाली बसतं. दर वेळी हीच रीत, म्हणजे दर वेळी तीच जागा.

मग सगळे स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे लावून घ्यायचे. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. पाण्याच्या मोटारीचं झाकण बसवताना आपण कसं करतो? थोडा हा बोल्ट, थोडा समोरचा, पुन्हा हा. तसंच इथे. एका बाजूने आवळलं की लोखंड तिरकं बसतं.

किती आवळायचं? क्लबकडे टॉर्क पाना असेल तर रायफलीच्या पुस्तिकेतला आकडा लावायचा. नसेल तर तोच पाना, तोच हात, आणि दोन बोटांचा जोर. दात खाऊन आवळलं तर लाकूड दबतं, आटे जातात. सैल राहिलं तर स्प्रिंगच्या हादऱ्याने स्क्रू आणखी सैल होत जातो, आणि छर्रे रोज थोडे थोडे सरकतात.

आता आपल्या कामाची युक्ती. नेलपॉलिश! स्क्रू नीट आवळून, चाचणी घेऊन झाली, की स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या भागापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. पुढच्या वेळी रेघेला रेघ मिळाली की स्क्रू पूर्वीच्या जागी आला. मधेच रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू सैल झालाय. आमच्या पोरींनी लाल रेघा मारल्यात, लांबूनही दिसतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. दस्ता लाकडाचा असेल तर आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. घराचं दार पावसाळ्यात अडकतं, तसंच. मग रेघ जुळली तरी ताण तोच असेल असं नाही. म्हणून हंगाम बदलला की नव्याने तपासायचं आणि रेघ नवी मारायची.

नळी, साइट आणि गाल

नळी मोडून ताणायच्या रायफलीत मोडीच्या जागी एक बोल्ट असतो. नळी उघडून हळूच बाजूला हलवून बघा. लटपटली तर दर शॉटला ती नव्या जागी बंद होते. तिथलीच वॉशर झिजली तर हवा फुसकते आणि छर्रे वरखाली जातात, कुकरची रिंग गेल्यावर वाफ सुटते तसं. रेंजवर शॉट मारताना सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवा. ती फडफडली तर वॉशर बदलायला झाली. रायफल उचलताना नळीला धरून उचलायची नाही.

मागची साइट रेलवर बसवताना दर वेळी त्याच खाचेवर, पुढे सारून, मग आवळायची. रेलवरही नेलपॉलिशची खूण करा. साइटच्या चकतीचे क्लिक कुणी उगाच फिरवायचे नाहीत. फिरवले तर किती आणि कुठे, ते वहीत.

गालाची पट्टी आणि खांद्याची पट्टी वर-खाली सरकत असेल, तर तिचाही आकडा लिहून ठेवा. गाल अर्धा सेंटिमीटर वर टेकला तर डोळा साइटच्या मधोमध येत नाही, आणि मुलगी नकळत मान वाकडी करते.

दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं?

जोडणी झाल्यावर लगेच निकाल लावायचा नाही. पाच-दहा छर्रे नुसते मारून रायफल बसू द्यायची. मग रायफल मऊ उशीवर हलक्या हाताने टेकवून, एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांनी पाच शॉट घ्यायचे. छर्ऱ्याची कड दबलेली असेल तर तो बाजूला.

पाचही छर्रे एका जागी जवळजवळ, पण मधापासून दूर? मग मारणारीचा हात चांगला आहे. जोडताना काहीतरी वेगळ्या जागी बसलंय. खुणा तपासा, त्या जुळत असतील तर साइट फिरवून नेम मधे आणा.

पाचही छर्रे पाच दिशांना? मग काहीतरी सैल आहे, नाहीतर छर्रे वाईट आहेत. ते सगळं तपासून झाल्यावर उभं राहणं, श्वास, चाप ओढणं याकडे वळायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू, साइट आणि छर्रे एकदम बदलले तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

आमच्या पोरीचे छर्रे डावीकडे खाली होते, पण होते सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ. काकांनी तो कागद बघितला आणि आईला म्हणाले, "हिचं ध्यान कुठं गेलेलं नाही. महिनाभर चुकीच्या जागी का होईना, पोरगी एकाच जागी मारतीय." दस्त्याचा पुढचा एक स्क्रू सैल होता आणि साइट एक खाच मागे बसवलेली होती.

ताई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी कर्जाचा अर्ज पुढे केला. गटाने तो मंजूर केला, आणि ठरावात एक ओळ वाढवली: रायफल शनिवार-सोमवारी एकाच मोठ्या माणसाने आणि त्याच दोन मुलींनी जोडायची, आणि तारीख, स्क्रू, साइटची खाच, पाच छर्ऱ्यांचा कागद वहीत लावायचा. शाळेच्या सरांनाही ते पटलं. ती वही आपल्या गटाच्या हिशेबवहीसारखीच आहे. मागची नोंद असली की आजचा फरक कळतो.

तुमच्या गावात पोरी रायफल शिकत असतील, तर पुढच्या बैठकीला टार्गेटचे जुने कागद मागवा. पोरीला बोल लावण्याआधी ते कागद एकदा चादरीवर पसरून बघा. आणि हो, नेलपॉलिशची एक बाटली गटाच्या खर्चात टाकायला हरकत नाही.