विश्लेषण : ‘स्टिरिओ कन्सोल’ पुन्हा दिवाणखान्यात का येत आहेत?

साठच्या दशकात अमेरिकेतील अनेक दिवाणखान्यांत भिंतीला लागून एक लांबट लाकडी कपाट असे. झाकण उचलले की आत रेकॉर्ड प्लेयर आणि रेडिओ, दोन्ही टोकांना कापडी जाळीमागे स्पीकर. हेच ‘स्टिरिओ कन्सोल’. आता तिथे अशी नवी कपाटे बनत आहेत आणि जुनी दुरुस्त करून विकली जात आहेत.

कन्सोल म्हणजे नेमके काय?

प्लेयर, रेडिओ, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच फर्निचरमध्ये बसवलेला संच. आपल्याकडच्या जुन्या घरांतील रेडिओग्राम हा त्याचाच भाऊबंद. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि मॅग्नाव्हॉक्स, झेनिथ, आरसीए यांच्या कन्सोलना मोठी मागणी आली.

मग ते मागे का पडले?

सत्तरच्या दशकात पायोनियर, सॅन्सुई यांसारख्या जपानी कंपन्यांचे सुटे अॅम्प्लिफायर आणि प्लेयर आले. त्यातला एकच भाग बदलता येई, स्पीकर हवे तिथे ठेवता येत. कन्सोल अडगळीत गेले. अनेकांची आतली यंत्रे काढून त्यांचे टीव्ही स्टँड किंवा दारूचे कपाट झाले.

आता मागणी का?

पहिले कारण रेकॉर्डचे पुनरागमन. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात रेकॉर्डने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. दुसरे कारण, वायरी आणि काळ्या डब्यांचा पसारा नको असणे. सॅन दिएगोच्या ‘रेनसिल्वा’सारख्या कंपन्या लाकडी कपाटात प्लेयरबरोबर इंटरनेटवरून संगीत ऐकण्याचीही सोय देतात. मोठ्या मॉडेलची किंमत दहा हजार डॉलरच्या वर जाते.

एकाच कपाटात सगळे ठेवण्यात अडचण काय?

रेकॉर्डच्या खाचेतील अतिसूक्ष्म नागमोडी वळणांवरून सुई आवाज उचलते. स्पीकर त्याच लाकडाला जोडलेला असेल तर त्याची कंपने सुईपर्यंत पोहोचतात, पुन्हा अॅम्प्लिफायरमधून मोठी होऊन स्पीकरकडे जातात आणि हे चक्र सुरूच राहते. आवाज वाढवला की खर्जात घुमारा येतो तो यामुळे. म्हणून पूर्वी प्लेयर स्प्रिंगवर तरंगता ठेवत. आजचे उत्पादक स्पीकरसाठी स्वतंत्र बंदिस्त कप्पे करतात.

दुसरी मर्यादा अंतराची. दोन स्पीकर एकमेकांपासून जितके दूर, साधारण तितक्याच अंतरावर बसले की स्टिरिओचा परिणाम नीट जाणवतो. पाच-सहा फुटी कन्सोलपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले तर डावे-उजवे एकत्र मिसळते.

जुना कन्सोल घेताना काय पाहावे?

अनेक जुन्या प्लेयरची सुई रेकॉर्डवर ४ ते ६ ग्रॅम भार टाकते, आजच्या चांगल्या सुया साधारण २ ग्रॅम. झिजलेली सुई आणि जास्त भार यांनी रेकॉर्ड कायमची खराब होते. आतले कपॅसिटर कालांतराने निकामी होतात, म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र तपासून घेतल्याशिवाय प्लगला लावू नये.

अमेरिकेतून भारतात आणणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. जुन्या मोटरचा वेग हर्ट्‌झवर ठरतो. त्यामुळे मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड २८ च्या आसपास फिरते आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारमध्ये ऐकू येते. मोटरवरची पुली बदलून हे सुधारता येते, पण तसा भाग आणि तो बसवणारा कारागीर मिळतो का, हे खरेदीआधीच विचारावे.