चाल पाहणारा डोळा

उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात देवणी खोंडाची पारख करणारा जाणता शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो, मग खांदा आणि खूर चाचपतो, आणि दावे धरून त्याला दहा-वीस पावले चालविल्यावाचून सौद्याची भाषा काढीत नाही. कारण दातांवरून वय कळते, परंतु अंगात मुरलेले दुखणे कळते ते चालीवरून. नांदेड-लातूरच्या रुग्णालयात कंपवाताच्या रोग्याला तपासणारा डॉक्टरही हेच करतो : रोग्याला दारापर्यंत चालवून परत बोलावतो, वळताना पाऊल कोठे अडखळते, एक हात झुलायचा थांबला आहे काय, हे निरखतो. या दोन डोळ्यांची एकमेकांशी ओळख नसावी, याची मला फार दिवसांपासून खंत वाटत आली आहे.

घरातला वृद्ध माणूस नातवंडांची नावे विसरू लागला की ‘म्हातारचळ’ म्हणून ते प्रकरण दप्तरी दाखल करून टाकण्याची आपली रीत जुनी आहे. वास्तविक अल्झायमर, कंपवात, हंटिंग्टनचा विकार हे वार्धक्याचे स्वभावधर्म नसून रोग आहेत. त्यांत मेंदूतील मज्जापेशी हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात, आणि लक्षणे प्रकट होतात तेव्हा बरीचशी हानी आधीच होऊन गेलेली असते. जिवंत माणसाचा मेंदू उघडून ही हानी कशी सुरू झाली हे पाहता येत नाही; म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांकडे वळतात, आणि बहुधा उंदराकडे, कारण तो स्वस्त आहे आणि त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांत आटोपते. पण उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी वजनाचा आणि जवळजवळ गुळगुळीत, तर आपला सुमारे 1300 ते 1400 ग्रॅमचा आणि असंख्य वळ्यांनी भरलेला. मेंढीचा मेंदू आपल्याहून पुष्कळच लहान असला तरी त्याला वळ्या आहेत, आणि तिचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असल्यामुळे सावकाश वाढणाऱ्या रोगाला तेथे अवकाश मिळतो. आणखी एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. अल्झायमरच्या रोग्याच्या मेंदूत ज्या प्रथिनखंडाची पुटे साचतात, त्याची घडण उंदरात माणसापेक्षा तीन ठिकाणी वेगळी आहे. मेंढी, गाय, डुक्कर आणि कुत्रा यांच्यात मात्र ती हुबेहूब आपल्यासारखी आहे.

या मोठ्या जनावरांनी वैद्यकाला काय शिकविले, याचा सर्वांत उत्कट दाखला स्क्रेपी या रोगाचा आहे. युरोपातील मेंढपाळांना तो अठराव्या शतकापासून ठाऊक होता : मेंढी खाजेने बेजार होऊन कुंपणाला अंग घासते, लोकर झडते, पाय लटपटतात आणि काही महिन्यांत ती मरते. क्विये आणि शेल या फ्रेंच पशुवैद्यांनी रोगी मेंढीच्या मज्जेचा अंश निरोगी मेंढ्यांना टोचला आणि, महिन्यामागून महिने काहीच न घडताही प्रयोग मोडीत न काढता, ते वाट पाहत राहिले. 14 ते 22 महिन्यांनी त्या मेंढ्या आजारी पडल्या, आणि 1936 साली त्यांनी हा निष्कर्ष जगापुढे मांडला. इकडे पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातील फोरे लोकांत ‘कुरू’ नावाचा एक भयंकर विकार होता. त्या शब्दाचा अर्थच थरथर. त्याचे मूळ डॉक्टरांना उमगत नव्हते. 1959 साली लंडनच्या एका प्रदर्शनात कुरूने मेलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याच्या नजरेस पडली, आणि मज्जापेशींतील त्या चाळणीसारख्या पोकळ्या पाहताच त्याने ओळखले की, हे तर आपण मेंढ्यांत रोज पाहतो! त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून सुचविले की, हा विकार माकडवर्गीय प्राण्याला टोचून दीर्घकाळ वाट पाहावी. कुरूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले. चिंपँझींना रोग जडला, 1966 साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि 1976 साली गायडुसेकना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शास्त्रज्ञ प्रुसिनर यांनी या रोगांच्या मुळाशी असलेल्या विकृत प्रथिनाला 1982 साली ‘प्रायॉन’ हे नाव दिले आणि 1997 साली तेही नोबेलचे मानकरी ठरले. एवढ्या मोठ्या ज्ञानाचे दार ज्याने किलकिले केले तो मनुष्य मेंढ्यांचा डॉक्टर होता, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांतही स्क्रेपी आढळल्याची नोंद 1961 साली झालेली आहे.

1986 साली ब्रिटनमध्ये गाईंना असाच विकार जडल्याचे निष्पन्न झाले. त्याचे कारण त्यांच्या खुराकात मिसळलेली मांस-हाडांची भुकटी हे होते, आणि 1996 साली तो रोग माणसांपर्यंत पोहोचल्याचे तेथील सरकारला कबूल करावे लागले. कडबा आणि सरकीच्या पेंडीवर वाढणाऱ्या आपल्या लाल कंधारी गाईला ते संकट शिवले नाही.

अलीकडे शास्त्रज्ञ मोठ्या जनावरांत मुद्दाम मानवी रोगाचे बीज रुजवू लागले आहेत. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हंटिंग्टनच्या विकाराचे मानवी जनुक मेरिनो मेंढ्यांत घातले आणि 2010 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वर्षे उलटूनही त्या मेंढ्यांच्या चालीत रोग उघड दिसला नाही, परंतु मेंदूत प्रथिनांचे पुंजके आणि रासायनिक फरक आढळले, म्हणजे लक्षणांपूर्वीचा तो अदृश्य काळच अभ्यासाला मिळाला. मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षे लक्षात ठेवते, हे इंग्लंडमध्ये 2001 साली सिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाला असे स्मरणशील जनावर मोलाचे.

मात्र या ज्ञानाची किंमत कोणी भरली, हे लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. एका विषारी रसायनाने कंपवात जडविलेल्या माकडांच्या मेंदूतील एक लहानसे केंद्र निकामी केल्यावर त्यांची ताठरता ओसरते, हे संशोधक डीलाँग यांच्या गटाने 1990 साली दाखविले, आणि आज मेंदूत तार बसवून कंपवात आवरण्याची जी शस्त्रक्रिया भारतातही होते, तिला त्या माकडांचा आधार आहे. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणाऱ्या समाजाने हा हिशेब मनापासून वाचला पाहिजे. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीसाठी केंद्रीय समितीची तरतूद केली आहे, आणि ती देखरेख सैल होता कामा नये असे माझे ठाम मत आहे.

परंतु जनावराला रोग न जडवताही पुष्कळ शिकता येईल. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी आपापल्याकडील मेंदूच्या काचपट्ट्या एकाच सूक्ष्मदर्शकाखाली आळीपाळीने ठेवाव्यात, एवढेच मागणे आहे. अभ्यासाजोगी म्हातारी जनावरेही येथेच आहेत : कित्येक शेतकरी आजही औताला निरुपयोगी झालेला बैल विकत नाहीत, दावणीलाच म्हातारा होऊ देतात. त्याचे वय कोणत्या दप्तरात नसते, पण धनी ते अचूक सांगतो : लातूरला आगगाडीने पाणी आले, त्या 2016 च्या उन्हाळ्यातला हा गोऱ्हा. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर गेलेल्या साऱ्या आयुष्याचा हा तोंडी दस्तऐवज आहे. असा बैल एखाद्या संध्याकाळी रानातून परतताना आपली दावण सोडून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तर ते धन्याच्या त्याच दिवशी ध्यानात येते; फक्त ते कोणाला जाऊन सांगावे, हे त्याला ठाऊक नसते.