वळवाचे ढग

मे महिन्याच्या अखेरीस मालेगावात सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी ऊन रणरणते. चारच्या सुमारास मात्र दूरवर पांढरे ढग दिसू लागतात आणि गच्चीवर शेवया, पापड वाळत घालणाऱ्यांची धावपळ सुरू होते.

हे ढग कसे बनतात? उन्हाने जमीन तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व वर चढते. उंचावर गेल्यावर ती थंड होते. मग तिच्यातील वाफेचे बारीक जलकण होतात. असे असंख्य जलकण मिळून ढग तयार होतो.

सर्व ढग सारखे नसतात. १८०२ साली लंडनच्या ल्यूक हॉवर्ड याने आकारावरून ढगांचे प्रकार पाडले. काही ढग पिसासारखे विरळ, काही चादरीसारखे पसरलेले, तर काही कापसाच्या ढिगासारखे असतात. उन्हाळ्याच्या शेवटी हा कापसाचा ढीग वाढत जातो. कधी तो १२ किलोमीटरपेक्षाही उंच होतो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो आणि तळ काळा दिसतो. मग वारा सुटतो, विजा चमकतात, कधी गाराही पडतात. हाच वळवाचा पाऊस! बहुधा तासा-दोन तासांत आकाश पुन्हा मोकळे होते.

जूनमधील मोसमी पाऊस वेगळा असतो. 'मोसमी' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. अरबी 'मौसिम', उर्दू 'मौसम' आणि मराठी 'मोसम' हे एकाच घरचे शब्द आहेत. हे वारे नैर्ऋत्येकडून समुद्रावरची दमट हवा आणतात. करडे ढग आभाळभर पसरतात व पाऊस बराच वेळ पडत राहतो.

शेतकऱ्याला हा फरक ओळखावाच लागतो. वळवाच्या सरीवर भरवसा ठेवून त्याने पेरणी केली आणि पुढे पाऊस लांबला, तर कोवळे कोंब करपतात. बियाण्याचा पैसा जातो व दुबार पेरणी करावी लागते. म्हणून ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

ढग पाहताना स्वतःलाही जपा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. आकडा ३० पेक्षा कमी आला, तर ताबडतोब पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

मित्रांनो, या सुट्टीत एक वही करा. रोज सायंकाळी ढगांचा आकार, वाऱ्याची दिशा आणि पाऊस पडला की नाही, हे तारखेसह लिहा. महिनाभराने ती वही वाचा. आभाळाची भाषा तुम्हांला थोडी थोडी समजू लागेल.